सोपीची साडेसाती

बारावीच्या इंग्रजीच्या पुस्तकात ओ. हेन्रीची एक गोष्ट आहे, 'द कॉप अँड द अँथेम'. न्यूयॉर्कच्या बागेतल्या बाकावर झोपणारा सोपी नावाचा एक बेघर माणूस. थंडी तोंडावर आलीय. हिवाळ्याचे तीन महिने तुरुंगात काढले तर फुकट जेवण मिळेल, डोक्यावर छप्पर राहील, असा त्याचा हिशेब. म्हणून तो मुद्दाम गुन्हे करत सुटतो आणि काही केल्या त्याला कुणी पकडतच नाही.

ही गोष्ट शिकवायला, शनीच्या भरवशावर घरांना दारं न लावण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या शनिशिंगणापूरच्या परिसराइतकी सोयीची जागा मला दुसरी माहीत नाही. इथल्या पोरांनी आजीच्या तोंडून नेमकी उलटी गोष्ट ऐकलेली असते. शिंगणापुरात चोरी करून पळालेला माणूस रात्रभर चालतो, आपण लांब निघून आलो असं त्याला वाटतं, आणि उजाडल्यावर बघतो तर अजून गावातच. एका गोष्टीतल्या चोराला सुटता येत नाही, दुसरीतल्याला सापडता येत नाही. नेवासे तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवत असूनही हे माझ्या डोक्यात यायला दोन वर्षं लागली. तोवर मी हा धडा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत भाषांतर करून सांगत होतो आणि वर्ग जांभया देत होता. दोष गोष्टीचा नव्हता, टाचणाचा होता.

शाळेबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. शिक्षकानं उद्याच्या तासाला काय शिकवायचं, कसं शिकवायचं, हे आदल्या दिवशी वहीत लिहून ठेवायचं, त्याला टाचण म्हणतात. शब्दातच टाचणी आहे. कागदाला टोचून ठेवावी एवढीशी नोंद, असा त्याचा साधा अर्थ. प्रत्यक्षात वहीत रकाने असतात: दिनांक, वर्ग, तासिका, घटक, उपघटक, उद्दिष्टे, अध्ययन अनुभव, शैक्षणिक साहित्य, मूल्यमापन, स्वाध्याय. मुख्याध्यापक किंवा पर्यवेक्षक आठवड्याला सही करतात. सही मिळते ती रकाने भरले म्हणून, तास रंगला म्हणून नाही. त्यामुळे गेल्या वर्षीची वही यंदा उतरवून काढणं, किंवा हल्ली व्हॉट्सअॅपवर फिरणारी तयार पीडीएफ उतरवणं, हा या धंद्यातला उघड गुपिताचा भाग आहे. मीही उतरवलीय.

गंमत अशी की हे रकाने मुळात कुणी कारकुनानं काढलेले नाहीत. बी.एड.ला आम्ही पाठाच्या ज्या पायऱ्या घोकतो, म्हणजे पूर्वतयारी, सादरीकरण, तुलना, सामान्यीकरण, उपयोजन, त्या योहान हर्बार्ट या जर्मन तत्त्वज्ञाच्या नावावर आहेत. तो १८४१ मध्ये वारला. पाच पायऱ्यांचा साचा त्याच्या शिष्यांनी पक्का केला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या शिक्षकांनी तो डोक्यावर घेतला. 'उद्दिष्टे' हा रकाना तर सरळ अमेरिकेतूनच आला. शिकागो विद्यापीठाच्या बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये उद्दिष्टांची ती प्रसिद्ध उतरंड मांडली: ज्ञान, आकलन, उपयोजन, विश्लेषण, संश्लेषण, मूल्यमापन. १९५७-५८ च्या सुमारास ब्लूम भारतात आले, इथल्या परीक्षा सुधारण्यासाठी त्यांनी कार्यशाळा घेतल्या, आणि ती उतरंड आपल्या प्रशिक्षण महाविद्यालयांत मुरली. अमेरिकन गोष्टीचं टाचण आम्ही अमेरिकन रकान्यांतच लिहितो, एवढंच की सहीच्या जागी 'तपासले' असा शिक्का असतो.

खुद्द अमेरिकेत टाचणाची नड वेगळी आहे. तिथल्या बहुतेक हायस्कुलांत अमेरिकन साहित्य हा अकरावीचा विषय. वर्षाचे साधारण १८० दिवस शाळा. प्युरिटन वसाहतींपासून सुरुवात करून हॉथॉर्न, इमर्सन, थोरो, व्हिटमन, मार्क ट्वेन असं करत 'द ग्रेट गॅट्सबी' किंवा आर्थर मिलरच्या 'द क्रूसिबल'पर्यंत यायचं. एकेका कादंबरीला तीन-चार आठवडे. मुलं वर्गात शिरतानाच फळ्यावर एक प्रश्न लिहिलेला असतो, बसल्या बसल्या त्यावर चार ओळी लिहायच्या. याला ते 'बेल रिंगर' म्हणतात. तास संपताना चिठ्ठीवर एका वाक्यात उत्तर लिहून शिक्षकाच्या हातात द्यायचं, तेव्हाच बाहेर. हे 'एक्झिट तिकीट'. आमच्याकडे कादंबरी नाही. पुस्तकात अमेरिका तुकड्यातुकड्यानं येते: बारावीला ओ. हेन्री आणि वॉल्ट व्हिटमन, अकरावीला लुइझा मे अल्कॉट आणि एमिली डिकिन्सन. पस्तीस-चाळीस मिनिटांची तासिका, त्यात हजेरीची पाच मिनिटं. पण फळ्यावरचा प्रश्न आणि दाराशी द्यायची चिठ्ठी या दोन गोष्टींना पैसा लागत नाही आणि परवानगीही लागत नाही. त्या मी उचलल्या. बाकीचं टाचण शिंगणापुरानं दिलं.

आता सोपीचा आठवडा.

सोमवारी पुस्तक उघडायचं नाही. फळ्यावर दोन रकाने: शिंगणापूरचा चोर, न्यूयॉर्कचा चोर. पहिला रकाना मुलं भरतात आणि मराठीत भरतात. कुणी सांगतं चोर आंधळा होतो, कुणी सांगतं रक्त ओकतो, कुणी म्हणतं साडेसाती मागे लागते. दोन मुलांच्या सांगण्यात मेळ नसतो. तो नसणंच कामाचं, कारण एकच गोष्ट दोघांनी सांगितली की बदलते, हा साहित्याचा पहिला धडा तिथेच होऊन जातो. एखादा शहाणा मोबाइलवरची बातमी आठवून सांगतो की २०१० आणि २०११ मध्ये इथेही चोरीच्या तक्रारी झाल्या, २०१५ मध्ये गावाला पोलिस ठाणंही मिळालं. सांगू द्यावं. वर्गात दोन तट पडतात आणि एरवी तोंड न उघडणारी मुलं हिरिरीनं बोलायला लागतात. शेवटच्या दहा मिनिटांत त्यातली पाच-सहा वाक्यं त्यांच्याकडूनच इंग्रजीत करून घ्यायची. दुसऱ्या रकान्यात मी एकच वाक्य लिहितो: याला पकडलं जायचंय. स्वाध्याय: लवकरात लवकर तुरुंगात जाण्याच्या तीन युक्त्या लिहून आणा. गृहपाठ न करणारी मुलंसुद्धा हा करून येतात, स्वानुभव आहे.

मंगळवारी वाचन सुरू. इथे अडचण शब्दांची कमी आणि थंडीची जास्त. नगरच्या पोराला थंडी म्हणजे हुरडा. शेतात आगटी पेटवायची, गूळ-शेंगदाण्याची चटणी, रेवड्या. सुकलेलं एक पान मांडीवर पडतं आणि सोपीला येणाऱ्या थंडीची धास्ती वाटते, हे त्याला कसं कळावं? म्हणून टाचणात 'शैक्षणिक साहित्य' या रकान्यात मी 'बर्फातल्या न्यूयॉर्कचा फोटो' लिहितो आणि खरोखर नेतो. सोपीला ज्या बेटावर जायचंय ते ब्लॅकवेल्स आयलंड, ईस्ट नदीतलं, त्या काळी तिथे तुरुंग होता. आता त्याचं नाव रूझवेल्ट आयलंड. एवढी माहिती पुरे. चाळीस कठीण शब्दांची यादी फळ्यावर लिहायचा मोह आवरायचा. सात शब्द निवडायचे, उरलेले वाक्यातून कळतात.

बुधवार सगळ्यात मजेचा. सोपीचे सहा प्रयत्न, वर्गाचे सहा गट, प्रत्येकानं एक करून दाखवायचा. भारी हॉटेलात शिरायला जातो तर फाटकी पँट बघून त्याला बाहेर काढतात. दुकानाची काच दगडानं फोडून तिथेच उभा राहतो, तर पोलिसाला पटतच नाही, कारण काच फोडणारा माणूस पळतो, थांबत नाही. दुसऱ्या हॉटेलात पोटभर खाऊन पैसे नाहीत म्हणतो, तर वेटर पोलिसाला न बोलावता उचलून फुटपाथवर टाकतात. एका तरुणीची छेड काढतो, तर तीच बरोबर चालायला लागते. दारुड्यासारखा आरडाओरडा करतो, तर पोलिस समजतो की हा मॅच जिंकलेला कॉलेजचा पोरगा. आणि शेवटी छत्री.

या छत्रीसाठी माझ्या टाचणात दोनच शब्द आहेत: 'इथे थांबायचं.' सोपी एका माणसाची छत्री उचलतो, तो माणूस मागे येतो, सोपी म्हणतो, तुझी असेल तर बोलव पोलिसाला. माणूस एकदम नरमतो. कारण ती त्यानंही सकाळी कुठूनतरी उचललेली असते. पूर्वी मी हे एका दमात सांगून पुढे जायचो आणि वर्ग ढिम्म. आता थांबतो, आणि विचारतो, देवळाबाहेर तुमची चप्पल कधी गेली आहे का? सगळे हात वर. मग तुम्ही काय केलं? कोपऱ्यातून कुणीतरी हळूच सांगतं, दुसऱ्याची घालून आलो सर. त्यानंतर छत्रीचा परिच्छेद पुन्हा वाचला की हसू फुटतं. विनोद समजावून सांगितला की मरतो, हे सगळ्यांना माहीत असतं. तो समजण्यासाठी आधी काय पेरायचं हे मात्र आदल्या रात्रीच ठरवावं लागतं. माझ्या मते टाचण लिहायचं ते यासाठीच.

गुरुवारी शेवट. एका जुन्या चर्चपाशी सोपीच्या कानावर ऑर्गनचे सूर पडतात, चांदणं आहे, त्याला बालपण आठवतं, आणि तो ठरवतो की बस्स, उद्यापासून काम शोधायचं. नेमक्या त्या क्षणी पोलिस त्याला विनाकारण रेंगाळतोस म्हणून पकडतो. तीन महिने. याला मराठीत काय म्हणायचं? पाठ्यपुस्तकी उत्तर 'उपरोध', पण उपरोध बोलण्यात असतो, इथे घडण्यात आहे. 'दैवदुर्विलास' बरोबर, पण जड. एका मुलीनं सांगितलेला शब्द मी तेव्हापासून दर वर्षी वापरतो. ती म्हणाली, "सर, सोपीला साडेसाती होती."

वर्ग खूश, मीही खूश. आणि नेमका हाच क्षण धोक्याचा. कारण ओळखीचा शब्द मिळाला की मुलं विचार करायचं थांबवतात. म्हणून याच तासाच्या उत्तरार्धासाठी टाचणात उलटा प्रश्न लिहून ठेवलेला असतो: सोपीला शनीनं अडवलं की माणसांनी? मग मुलं पुस्तकात शोधू लागतात. हॉटेलातून काढलं ते पँट बघून. काच फोडल्यावर सोडलं ते चोर असा नसतो या समजुतीनं. मॅचवाला पोरगा म्हणून सोडलं ते कॉलेजच्या पोरांना सगळं माफ म्हणून. आणि शेवटी पकडलं ते फाटका माणूस चर्चपाशी उभा राहून करणार तरी काय, म्हणून. ग्रह कुठेच नाही. दर वेळी कुणीतरी त्याच्या कपड्यांकडे किंवा वागण्याकडे बघून निकाल दिलाय. हे मुलांनी स्वतः शोधलं की तास झाला. गावातल्या गोष्टीच्या बोटाला धरून आत यायचं ते ठीक, पण बोट कधी सोडायचं हेही टाचणात असावं. नाहीतर सगळं अमेरिकन साहित्य शिंगणापूरसारखंच दिसायला लागतं.

शुक्रवारी लेखक. ओ. हेन्रीचं खरं नाव विल्यम सिडनी पोर्टर. तो टेक्ससमध्ये ऑस्टिनच्या एका बँकेत रोखपालाच्या टेबलावर होता. हिशेबात तूट निघाली, खटला भरला गेला, तो होंडुरासला पळाला, बायको अत्यवस्थ असल्याचं कळल्यावर परत आला. १८९८ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली, त्यातली सुमारे तीन वर्षं भोगून १९०१ मध्ये सुटला. ओ. हेन्री हे नाव त्यानं तुरुंगातून गोष्टी पाठवताना वापरलं. सोपीची गोष्ट १९०४ ची. हे ऐकल्यावर शिंगणापूरच्या मुलांना आपल्या गावची बँक आठवणारच: युको बँकेनं जानेवारी २०११ मध्ये इथे कुलूप न लावणारी शाखा उघडली, तेव्हा देशभर बातम्या झाल्या होत्या. हा सगळा मजकूर मी सोमवारी सांगत नाही. आधी सांगितला की मुलं गोष्ट वाचतच नाहीत, लेखकाचा गुन्हा शोधत बसतात. शुक्रवारच्या चिठ्ठीवर प्रश्न एकच: सोपी सुटून आल्यावर काम शोधेल का? हो किंवा नाही, आणि गोष्टीतलं एक कारण.

आठवड्याची ही मांडणी मी शुक्रवारकडून सोमवारकडे लिहीत गेलो. शेवटी मुलाला काय करता यायला हवं ते आधी ठरवायचं, मग ते आलं की नाही हे कसं कळेल ते, आणि रोजचे तास सगळ्यात शेवटी. ग्रँट विगिन्स आणि जे मॅकटाय या दोघा अमेरिकनांनी १९९८ मध्ये याच पद्धतीवर पुस्तक लिहिलं आणि ते तिकडच्या शाळांत फार चाललं. आपल्याकडे लग्नाची तयारी याच क्रमानं होते, मुहूर्तापासून मागे. फक्त टाचणवहीत ती शिरली नाही.

शनिवार मी रिकामा ठेवतो. सकाळची शाळा, आणि घोडेगावहून शिंगणापूरकडे वळणारा रस्ता गाड्यांनी भरलेला. ज्यांच्या घरचं पूजासाहित्याचं दुकान आहे ती मुलं येत नाहीत. शनी अमावस्येला तर निम्मा वर्ग दुकानांवर असतो. नवा भाग शनिवारी सुरू करणं म्हणजे सोमवारी तोच पुन्हा शिकवणं. त्या दिवशी पुस्तकाबाहेरचं काहीतरी, एका तासात संपणारं.

असाच एक शनिवार रॉबर्ट फ्रॉस्टच्या 'मेंडिंग वॉल'ला दिला. दर वसंतात दोन शेजारी आपापल्या बाजूनं चालत पडलेल्या दगडी कुंपणाचे दगड परत रचतात. एकाची सफरचंदाची बाग, दुसऱ्याची पाइनची झाडं; कुणाची गुरं नाहीत, मग कुंपण हवंच कशाला, असं एकाला वाटतं. दुसरा मात्र बापजाद्यांचं वचन धरून बसलेला. मला वाटलं, बिनदाराच्या गावातली मुलं, घराला नुसती चौकट, रात्री कुत्रं शिरू नये म्हणून आडवी फळी. ती एकमुखानं कुंपणाविरुद्ध बोलतील. झालं भलतंच. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "घराला दार नसलं तरी चालतं सर, पण बांध पाहिजेच. चुलत्यानं दोन वर्षांत हातभर कोरलाय." मग तास बांधाचाच झाला. कुणाचा वाद तलाठ्याकडे, कुणाचा तहसीलला, कुणाची मोजणी अडलेली. माझा टाचणातला मुद्दा पार वाहून गेला आणि फ्रॉस्टच्या शेजाऱ्याला वर्गानं न्याय दिला, जो त्याला मोठमोठ्या समीक्षकांकडूनही क्वचित मिळतो.

फ्रॉस्ट स्वतः शाळामास्तर होता, हे त्या वर्गाला फार आवडलं. न्यू हॅम्पशायरमध्ये डेरी इथे त्याचं शेत होतं, आणि १९०६ ते १९११ तो तिथल्याच पिंकर्टन अकॅडमीत इंग्रजी शिकवत होता. कुंपणाची कविता १९१४ मध्ये लंडनला छापलेल्या संग्रहातली. न्यू हॅम्पशायर म्हटल्यावर एकानं विचारलं, तिकडचं कुणी इकडे कधी आलंय का? आलंय. त्याच न्यू हॅम्पशायरमध्ये जन्मलेल्या सिंथिया फॅरार १८२७ मध्ये मुंबईत उतरल्या, १८३९ मध्ये अहमदनगरला आल्या आणि १८६२ मध्ये मरेपर्यंत तिथे मुलींच्या शाळा चालवत राहिल्या. जोतीराव फुल्यांनी त्यांची शाळा पाहिली होती, आणि सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं ते याच नगरच्या फॅरारबाईंकडे. फॅरारबाई ज्या अमेरिकन मराठी मिशनच्या होत्या, त्याचं एक ठाणं घोडेगावच्या पुढे वडाळ्याला होतं. तिथले सॅम्युअल फेअरबँक पक्षी आणि गोगलगायी गोळा करायचे, आणि दक्षिणेतल्या पळणी डोंगरातल्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात ते अजून आहेत. वडाळ्याहून रोज एसटीनं येणाऱ्या मुलीला हे माहीत नव्हतं. मलाही ते उशिराच कळलं.

व्हिटमनच्या 'साँग ऑफ द ओपन रोड'ला ओळखीच्या गोष्टीपासून सुरुवात करायची हीच पद्धत लावली तेव्हा थोडा फसलो, तेही सांगून टाकतो. मोकळ्या रस्त्याची कविता म्हटल्यावर मी दिंडीनं सुरुवात केली. मुलांनी ती इतकी मनावर घेतली की घटक चाचणीत निम्म्यांनी व्हिटमन पंढरपूरला निघालाय असं लिहिलं. वारीला मुक्काम ठरलेले, व्हिटमनला मुक्कामच नको आहे. हा फरक सांगायचा तास मी टाचणात ठेवलाच नव्हता. यंदा ठेवलाय, दिंडीच्या दुसऱ्या दिवशी.

तेव्हा इंग्रजी शिकवणाऱ्या मित्रांनो, सही होऊन आलेल्या टाचणात रोज एक ओळ आणखी लिहा: ठरवलं काय होतं आणि झालं काय. तपासायला कुणी येणार नाही. पुढच्या वर्षी उतरवायला मात्र तीच ओळ कामाला येते.